दुर्बिणीच्या ऑपरेशनात किडनी 'काचेची' दिसते म्हणतात : ऑगमेंटेड रिॲलिटीवर भरवसा किती ठेवावा?

सई_फोंडा
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढते आहे. विषय घरचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

माझे मामा गोव्यात सावईवेऱ्याला असतात, वय ६१. कुळागर म्हणजे सुपारीची बाग सांभाळतात, अजूनही पावसाआधी सुपारीवर बोर्डो फवारायच्या दिवशी गड्यांबरोबर स्वतः उभे असतात. पाठ दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत गाठ दिसली. मग सीटी झाला. गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरची, पण बहुतेक सगळी किडनीच्या आत रुतलेली. बाहेरून फुगवटा जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, अख्खी किडनी काढायची गरज नाही, गाठीपुरता भाग काढू, आणि दुर्बिणीतून काढू. ऑपरेशन मुंबईला ठरलं आहे.

तिथे त्यांनी आम्हाला टॅबवर मामांच्याच किडनीचं चित्र दाखवलं. किडनी फिकट, आरपार दिसणारी. आत हिरवी गाठ, लाल धमनी आणि तिच्या फांद्या, निळी शीर, पिवळी मूत्रवाहिनी. बोटाने हवं तसं फिरवता येत होतं. ऑपरेशनच्या वेळी हेच चित्र कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या किडनीवर बसवणार, म्हणजे कापण्याआधीच आतली गाठ कुठे आहे ते पडद्यावर दिसेल, असं त्यांनी समजावलं. यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर म्हणतात. घरी आल्यावर मामा मामीला सांगत होते, "माझी किडनी काचेची केली गो त्यांनी!" त्या चित्राने त्यांची भीती निम्मी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझी मात्र वाढली. कारण आई. २००९ साली तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. कुठे झालं ते इथे लिहीत नाही. पित्ताशयाची छोटी नळी समजून जी कापली, ती यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका निघाली. चार महिने पोटाला पिशवी, दोनदा पुन्हा ऑपरेशन, कावीळ. आई जगली, पण त्या वर्षाच्या चवथीला आमच्या घरात कोणी आरतीला आवाज चढवला नाही.

तेव्हाही कॅमेरा होता, पडदा होता, आतलं सगळं मोठं करून दिसत होतं. मग दिसूनही चुकलं कसं? आणि आता त्या दिसण्यावर आणखी एक चित्र चढवलं, तर चूक कमी होते की नवीन चुकीला जागा होते? इथे डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. समजेल असं सांगा.

सुईदोरा
सोमवार, रात्री ११.३०

सईताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. मी मडगावला सर्जन आहे, गेली १८ वर्षं दुर्बिणीची ऑपरेशनं करतो. आधी "दिसूनही चुकलं कसं" याचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

२००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जनांनी आईंना झाली तशाच पित्तनलिकेच्या २५२ इजा एकेक करून तपासल्या. त्यातल्या ९७ टक्क्यांचं मूळ हाताच्या चुकीत नव्हतं, नजरेच्या भ्रमात होतं. पित्ताशय वर ओढून धरलं की त्याची छोटी नळी आणि मुख्य नळी कधीकधी एका रेषेत येतात. मग मेंदू एकदा ठरवतो की ही छोटीच नळी, आणि पुढे जे दिसेल ते त्या ठरवण्यात बसवत जातो. सर्जनला त्या क्षणी शंकासुद्धा येत नाही. म्हणूनच ती इजा बऱ्याचदा ऑपरेशन संपल्यावर, रुग्ण पिवळा पडल्यावर कळते.

मोठ्या अभ्यासांत या इजेचं प्रमाण हजारामागे तीन ते पाच येतं. आकडा लहान आहे, पण ज्या घरात ती होते तिथे काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे. ती टाळायला स्टीव्हन स्ट्रासबर्ग या सर्जनने १९९५ मध्ये मांडलेला नियम आज आम्ही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरकडून घोकून घेतो : नळ्यांभोवतीची चरबी पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, डोळ्यांना सुट्ट्या दिसल्याशिवाय कात्री लावू नका.

आता दुर्बिणीने आमच्याकडून काय काढून घेतलं ते सांगतो. एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत पहिलं पित्ताशय असं काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना उभं केलं नाही. आपल्याकडे तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरुवात केली. रुग्णाचा फायदा उघड होता : पाच-दहा मिलिमीटरची छिद्रं, कमी दुखणं, लवकर घरी. पण सर्जनची बोटं बाहेर राहिली. उघड्या ऑपरेशनात किडनी मुठीत धरली की आतली गाठ बोटाला लागते, बाहेरून दिसत नसली तरी. लांब दांड्याच्या चिमट्याला ती लागत नाही. शिवाय साध्या पडद्यावर खोली कळत नाही. मामांच्या गाठीसारखी आत लपलेली गाठ म्हणूनच अवघड असते. बोटांनी गमावलेलं डोळ्यांना परत द्यायचं, एवढाच या चित्राचा हेतू आहे. हेतू चांगला आहे. ते खऱ्या किडनीवर नीट बसतं का, हा खरा प्रश्न.

खाणीचा_नकाशा
मंगळवार, सकाळी ६.४५

मी डॉक्टर नाही. डिचोली तालुक्यात खाणीवर सर्व्हेअर म्हणून २६ वर्षे काढली, २०१२ साली खाणी थांबेपर्यंत. सुईदोरा यांचे शेवटचे वाक्य वाचले आणि राहवले नाही, कारण माझे अख्खे आयुष्य त्याच प्रश्नात गेले.

कागदावरचा नकाशा जमिनीवर बसवायचा, तर जमिनीवर न हलणाऱ्या खुणा लागतात. एकच खूण जुळवली तर नकाशा तिच्याभोवती गरगर फिरतो. दोन जुळवल्या तरी उंच-सखल भागात तो त्या दोन खुणांच्या आसावर कलंडू शकतो. तिसरी, आणि तीही पहिल्या दोघींच्या रेषेबाहेरची, जुळली की मग नकाशा बसला. आणि मी कायम चौथी खूण राखून ठेवत असे. तिच्यावरून नकाशा बसवायचा नाही. बसवून झाल्यावर तिथे जाऊन फक्त पाहायचे, नकाशा म्हणतो ती खूण खरोखर तिथे आहे का. पहिल्या तिन्ही तर जुळणारच, त्या आपणच जुळवलेल्या असतात. खरे-खोटे चौथीला कळते.

दुसरी गोष्ट. पावसाळ्यात खाणीचे बेंच, म्हणजे खोदलेल्या पायऱ्या, ढासळतात, खड्ड्यात पाणी भरते, मातीचे ढीग सरकतात. मे महिन्यातला नकाशा गणपतीनंतर खड्ड्यावर बसत नाही, काढताना तो कितीही अचूक काढलेला असो. सीटी स्कॅन हा मे महिन्यातला नकाशा झाला. पोटातला पावसाळा कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

भूलतज्ज्ञ_पर्वरी
मंगळवार, दुपारी २.१५

काका, पोटातला पावसाळा मी सांगते, कारण तो बऱ्याच अंशी आम्हीच आणतो.

सीटीच्या वेळी रुग्ण पाठीवर सरळ झोपलेला असतो, श्वास रोखून. किडनीच्या ऑपरेशनला आम्ही त्याला कुशीवर वळवतो आणि टेबल मध्ये मोडतो, म्हणजे कमरेची जागा ताणली जाते. मग पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पोटाची भिंत वर उचलते, आतले अवयव दबतात, सरकतात. डाव्या बाजूला मोठं आतडं आणि प्लीहा सोडवून बाजूला करावी लागते, किडनीभोवतीची चरबी काढावी लागते, म्हणजे किडनीला ज्यांचा टेकू होता तेच जातात. आणि हे सगळं चालू असताना ती श्वासागणिक वरखाली होत असते. शांत श्वासातही एक-दोन सेंटिमीटर.

शेवटचा फेरफार सर्वांत नाजूक. गाठ कापताना रक्तस्राव होऊ नये म्हणून धमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लावतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, तेव्हा तो थांबल्याबरोबर किडनी मऊ पडते, थोडी आक्रसते. म्हणजे जिथे चित्राची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथेच किडनीचा आकार बदललेला असतो. आणि क्लॅम्प २५ मिनिटांच्या आत सोडायचा अशी सगळ्यांची धडपड असते, नाहीतर उरलेल्या किडनीला त्रास होतो. त्या वेळात चित्र पुन्हा बसवत राहायला सवड नसते.

एक मदत आम्ही करतो. सर्जन चित्र जुळवत असताना काही सेकंद व्हेंटिलेटर थांबवतो, म्हणजे निदान तेवढा वेळ किडनी स्थिर.

जुळवाजुळव
मंगळवार, रात्री १०.०५

वेर्ण्याला काम करतो, प्रतिमांवरच्या सॉफ्टवेअरचं. या क्षेत्रात तीन वर्षं होतो, त्यामुळे आतलं थोडं सांगू शकतो.

कल्पना जुनी आहे. १९९२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डोळ्यांवर बसवायच्या पडद्यातून एका गर्भवतीच्या पोटावर सोनोग्राफीचं चित्र जागच्या जागी दाखवलं होतं. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग शहरात मारेस्को या सर्जनच्या चमूने २००४ मध्ये दुर्बिणीतून अधिवृक्क ग्रंथी (किडनीच्या वरची छोटी ग्रंथी) काढताना सीटीतून बनवलेलं चित्र चालू व्हिडिओवर चढवलं. म्हणजे पहिल्या प्रयोगाला तीस वर्षं उलटून गेली आणि अजून हे प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) आलेलं नाही. कारण काकांनी आणि भूलतज्ज्ञ ताईंनी सांगितलं तेच.

काम तीन टप्प्यांत होतं. आधी सीटीच्या साधारण एकेक मिलिमीटरच्या कापांवर गाठ, धमनी, शीर वेगवेगळी रंगवायची. आता सॉफ्टवेअर बरंचसं आपोआप रंगवतं, पण रेडिओलॉजिस्टने कडा तपासल्याशिवाय ते वापरू नये. मग कॅमेरा समजून घ्यायचा : दुर्बिणीच्या भिंगातून कडेच्या सरळ रेषा वाकड्या दिसतात, तेवढाच वाक चित्रालाही द्यावा लागतो. आणि तिसरं, सर्वांत कठीण, चित्र अवयवाला चिकटवून ठेवायचं. कॅमेरा हलला, किडनी दाबली, फिरवली, तरी चित्राने तिच्या मागोमाग जायला हवं. यासाठी अवयवाची लवचीक जाळी बनवून ती पृष्ठभागाबरोबर वाकवतात. पृष्ठभागावर रक्त आलं, धूर झाला, चिमटा आडवा आला, की जाळीची पकड सुटते.

इटलीत तुरिन विद्यापीठातल्या मूत्ररोग सर्जनांनी किडनीच्या अवघड गाठींवर यात पुष्कळ काम केलं आहे. त्यांच्या सुरुवातीच्या ऑपरेशनांत एक माणूस बाजूला बसून खास माउसने ते चित्र हाताने किडनीबरोबर हलवत राहायचा. मला ही पद्धत कमीपणाची वाटत नाही. निदान चित्र कोण बसवतंय आणि ते कधी सुटलंय हे सगळ्यांना कळतं. स्वयंचलित चित्र सुटलं तरी तितक्याच ठाम रंगात दिसत राहतं, हा माझा त्या तीन वर्षांतला सर्वांत मोठा खेद. जुळणी सैल झाली की रंग आपोआप फिका व्हावा, एवढं तरी प्रत्येक यंत्रात असायला हवं.

हाडांचं वेगळं. हाड वाकत नाही. म्हणून मणक्यात स्क्रू बसवण्यासाठीचा एआर चष्मा आधी आला, अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

अजून एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. चित्र अगदी बरोबर जागी असलं तरी आतली हिरवी गाठ किडनीच्या आत न दिसता पृष्ठभागावर चिकटवल्यासारखी दिसते. डोळ्याला सवय आहे, जे दुसऱ्याला झाकतं ते जवळ. त्यावर उपाय म्हणून पृष्ठभागाला खिडकी पाडल्यासारखं दाखवतात, कडा गडद, आत खोल गेल्याचा भास.

मोतीडोंगर
बुधवार, सकाळी ९.२०

माझं मत थोडं कडवट आहे, पण मनापासून लिहितो. माझं औषधांचं दुकान आहे. रोज बिलं पाहतो. नवीन यंत्र आलं की आकडा आधी वाढतो, फायदा नंतर शोधला जातो. रुग्णाला रंगीत चित्र दाखवलं की तो प्रश्न विचारणं थांबवतो, हे सईताईंच्या मामांबाबत झालंच ना?

दुसरं म्हणजे, २०१३ चा कॅनडातल्या टोरांटोचा अभ्यास वाचा. सर्जनांना मृत शरीरावर नाकातून दुर्बीण घालून ठरावीक जागी पोचायला सांगितलं. काहींच्या पडद्यावर एआरच्या रेषा, काहींच्या नाहीत. एआरवाले जागेवर अधिक अचूक पोचले. पण वाटेत मुद्दाम एक स्क्रू ठेवला होता, तो एआरवाल्यांतल्या बहुतेकांना दिसलाच नाही. साध्या पडद्यावाल्यांपैकी जास्त जणांना दिसला. डोळा रेषेच्या मागे गेला.

सुईदोरा डॉक्टर म्हणतात की आईंची इजा नजरेच्या भ्रमाने झाली. मग नजरेला बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट समोर आणणं हा त्यावरचा उपाय कसा?

ओटी_सिस्टर
बुधवार, दुपारी ३.४०

मी म्हापशाची, ओटीत २२ वर्षं. डॉक्टरांइतकं ज्ञान नाही, पण टेबलापाशी जे घडतं ते सांगते.

दुर्बिणीत सर्जनचे हात एकीकडे आणि डोळे पडद्याकडे, मान वळलेली. कॅमेरा धरणारा दमला की क्षितिज तिरकं होतं. भिंगावर धुकं धरतं, मग दुर्बीण बाहेर काढून कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसायची, परत आत. प्रत्येक वेळी बाहेर काढली की चित्राची जुळणी पुन्हा तपासावी लागणार, हे जुळवाजुळव यांनी लिहिलेल्यात भर घालते.

डोक्यावरचा एआर चष्माही एकदा एका शिबिरात लावून पाहिला, मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २. ५६६ ग्रॅम. पडदा रुग्णाच्या पोटावरच तरंगताना दिसतो, मान वळवावी लागत नाही, आणि हवेत बोट हलवून चित्र फिरवता येतं, म्हणजे निर्जंतुक हातमोजा कशालाही लागत नाही. हे मला फार आवडलं. पण तीन तासांच्या केसला कपाळावर ते वजन कोणी सोसेल असं वाटत नाही, आणि त्याचं उत्पादनही २०२४ मध्ये कंपनीने थांबवलं.

मोतीडोंगर दादांच्या मुद्द्यावर एकच सांगते. सईताई, चित्र चालू-बंद करायचं बटण कोणाकडे आहे ते विचारा. सर्जनच्या पायाखाली पेडल असेल तर चांगलं. "सिस्टर, बंद करा" म्हणून कोणीतरी धावत संगणकापाशी जाणार असेल, तर घाईच्या वेळी ते चित्र तसंच राहतं. मी साध्या गोष्टींत असं होताना पाहिलंय.

सुईदोरा
बुधवार, रात्री ११.५५

मोतीडोंगर, टोरांटोचा अभ्यास मला मान्य आहे आणि तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शस्त्रक्रियेतल्या दुसऱ्या एका गोष्टीवरून देतो, जी मी स्वतः रोज वापरतो.

हिरवा रंग. इंडोसायनीन ग्रीन. हा पदार्थ १९५० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत छायाचित्रणासाठी तयार झाला, आणि १९५९ पासून अमेरिकेत रुग्णांसाठी मान्य आहे. आधी हृदयाचं आणि यकृताचं काम मोजायला वापरत. शिरेतून दिला की रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृत तो उचलतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा, साधारण ८०० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की तो उजळतो आणि खास कॅमेरा ते टिपतो. ऑपरेशनच्या आधी पुरेसा वेळ ठेवून इंजेक्शन दिलं, तर पडद्यावर पित्तनलिका हिरवी चमकते. २००९ मध्ये हे आपल्याकडे सगळीकडे असतं तर, सईताई... जाऊ दे, ते वाक्य पुरं करत नाही.

फरक लक्षात घ्या. सीटीतून आणलेलं चित्र शरीरावर बाहेरून पांघरलेलं असतं. हा रंग शरीरातून उमटतो. नळी सरकली तर रंग नळीबरोबर सरकतो, कारण तो नळीतच आहे. बसवाबसवीचा प्रश्नच नाही. त्याची मर्यादाही आहे : पाच ते दहा मिलिमीटरपेक्षा खोल काही दिसत नाही, जाड चरबीखाली तो हरतो, आणि त्यात आयोडाइड असल्याने आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. म्हणजे खोल आत कुठे काय आहे हे चित्र सांगू शकतं, रंग सांगू शकत नाही. समोर आत्ता काय आहे हे रंग सांगतो, चित्र छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मामांच्या ऑपरेशनात दोन्ही एकमेकांना कसे तपासतात ते पाहा. चित्र म्हणतं, धमनीची ही फांदी गाठीच्या भागाला रक्त देते. सर्जन सगळी धमनी बंद न करता तेवढ्याच फांदीला क्लॅम्प लावतो. मग शिरेतून हिरवा रंग देतो. बाकीची किडनी उजळली आणि गाठीचा भाग काळा राहिला, तर चित्र खरं होतं. गाठीचा भागही उजळला, तर दुसरी फांदी चुकली आहे, कापायचं नाही. तसंच गाठीची कड. चित्राने सांगितलेल्या जागी सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट किडनीवर टेकवायचा. तो आत्ताची, मऊ पडलेली, सरकलेली किडनी दाखवतो.

खाणीचा_नकाशा काका, तुमची चौथी खूण ती हीच. तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवला.

टोरांटोच्या सर्जनांसमोर रेषा सतत होत्या. मला वाटतं चित्र वाट शोधताना असावं आणि कात्री चालवताना नसावं. आणि आईंच्या इजेचा धडाही हाच : मेंदूने जे ठरवलंय त्याला "तू चुकतोयस" म्हणू शकणारी एक गोष्ट खोलीत हवी. रंगवलेलं चित्र ते म्हणू शकत नाही, कारण तेही कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

मोतीडोंगर
गुरुवार, सकाळी ८.१०

पटलं. बिलाचा मुद्दा मात्र तसाच. सईताई, मॉडेल बनवण्याचा वेगळा आकडा लावणार आहेत का, ते विमा कंपनीला आणि रुग्णालयाला लेखी विचारा. इथे गोव्यात केलं असतं तर दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, बाहेर जाताय तर आधीच सगळं स्पष्ट करून घ्या.

सई_फोंडा
गुरुवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं. सुईदोरा डॉक्टर, तुम्ही जे वाक्य पुरं केलं नाही ते मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या डॉक्टराला मुद्दाम करायचं नव्हतं ना, एवढं कळलं तरी पुरे." इतकी वर्षं तिच्या मनात काय होतं ते मला आज समजलं.

पुढच्या आठवड्यात मुंबईला जातो. वहीत चार ओळी लिहून घेतल्या आहेत : चित्र जुळवायला कोणत्या खुणा घेणार, चौथी खूण कोणती, बटण कोणाच्या पायाखाली, आणि कापताना चित्र चालू की बंद.

सई_फोंडा
तीन आठवड्यांनंतर, रविवार

उशीर झाला, क्षमा असावी. ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. मामा घरी आहेत.

वहीतल्या चार ओळी मी सर्जनसमोर ठेवल्या. वाटलं होतं रागावतील. त्यांनी वही हातात घेतली, "चौथी खूण" शब्दावर बोट ठेवून हे कोणी सांगितलं विचारलं. खाणीवरच्या सर्व्हेअरनी, म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्हाला वीस मिनिटं दिली. किडनीची धमनी मूळ महाधमनीतून फुटते ती जागा, मूत्रवाहिनीचा वरचा भाग आणि किडनीचं खालचं टोक, अशा तीन खुणांवर चित्र बसवणार. तपासणीला हिरवा रंग आणि सोनोग्राफीचा प्रोब. पेडल त्यांच्याच पायाखाली.

ऑपरेशननंतर त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देते. धमनीच्या फांदीबाबत चित्र बरोबर निघालं. क्लॅम्प लावून रंग दिला तेव्हा गाठीचा भाग काळा राहिला. गाठीच्या कडेबाबत मात्र चित्र आणि प्रोब जुळले नाहीत. चित्र गाठ दाखवत होतं त्यापेक्षा ती खरी गाठ बोटाच्या अर्ध्या पेराएवढी मागच्या बाजूला होती. किडनी वळवल्यामुळे, असं ते म्हणाले. त्यांनी पेडल दाबून चित्र बंद केलं, प्रोबने किडनीवर खुणा केल्या आणि त्या खुणांवरून कापलं. क्लॅम्प १९ मिनिटं होता. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ, तसा रिपोर्ट काल आला.

मी विचारलं, मग चित्राचा उपयोग झाला का? ते म्हणाले, फांदी सापडली नसती तर सगळी धमनी बंद करावी लागली असती.

खाणीचा_नकाशा
रविवार, रात्री ९.१५

सई बाय, अर्ध्या पेराचा फरक त्यांनी तुला सांगितला, हे वाचून फार बरे वाटले. फरक लपवणारे सर्व्हेअर मी पाहिले आहेत. मामा जेवतात का?

सई_फोंडा
रविवार, रात्री ९.४०

पेज आणि भाजलेला पापड. कालपासून मामीच्या मागे लागलेत, फवारणी कोणी केली ते सांग म्हणून. अंगणातल्या खुर्चीवर बसून सुपारीच्या माडीकडे बघत असतात. सहा आठवडे जड उचलायचं नाही, कळशीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी मामीकडून वदवून घेतलंय.